आधी शेजारी बघ

आजारी माणसाला भेटायला जाऊन "ओळखलंत का मला?" असं विचारायची खोड आपल्या लोकांना कुठून लागली आहे, कोण जाणे. नुसतं विचारून थांबत नाहीत. खुर्ची ओढून अगदी नाकासमोर बसतात, मान वाकडी करतात आणि लाडिक आवाजात म्हणतात, "सांगा बघू, मी कोण?" समोरचं माणूस ऐंशीच्या घरातलं, डोक्यातले निम्मे दिवे गेलेले. ते बिचारं घाबरून इकडेतिकडे बघतं. मग ह्यांनीच हळहळायचं, "अगंबाई, ओळखलंसुद्धा नाही हो मला," आणि चहा पिऊन घरी जायचं. माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अहो, तुम्ही भेटायला आलात की तोंडी परीक्षा घ्यायला?

माझी आई गेली काही वर्षं ही परीक्षा देते आहे आणि रोज नापास होते आहे. गंमत अशी की आयुष्यभर तिनंच लोकांना 'ओळखा' म्हणून छळलं. ती केमिस्ट्री शिकवायची. दिवसा दिल्लीतल्या एका सरकारी शाळेत, आणि संध्याकाळी आमच्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात. व्हरांड्यात एक काळा फळा, त्याच्यासमोर सतरंजी, सतरंजीवर कॉलनीतली अकरावी-बारावीची पोरं, आणि आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचणारे, म्हणजे वाचायचं सोंग करणारे माझे बाबा. बाबा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. त्यांना केमिस्ट्रीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आईची शिकवणी ऐकायला त्यांना फार आवडायचं.

आई शिकली होती नगरकडच्या मराठी शाळेत. त्यामुळे शिकवणी हिंदीत असली, तरी मधूनच तिच्या तोंडून 'क्रियात्मक गट' असं निघून जायचं. दिल्लीच्या पोरांना ते 'गुट' ऐकू यायचं. हिंदीत गुट म्हणजे पुढाऱ्यांची टोळी. मग एखादा वात्रट पोरगा विचारायचा, "मॅम, ये ऑक्सिजन किसके गुट में है?" सगळे खिदळायचे. आई खडू रोखून म्हणायची, "बिल्कुल सही सवाल. वही तो देखना है."

कारण तिचं सगळं शास्त्र त्या एका गोष्टीवर उभं होतं. ती सांगायची, कार्बनची लांबलचक साखळी बघून घाबरायचं नाही. ती नुसती वऱ्हाडी मंडळी. जेवायला आलेली. लग्नातला खरा कारभार दोन-चार माणसांच्या हातात असतो, तेवढी ओळखली की लग्न समजलं. त्या कारभारी मंडळींना म्हणायचं क्रियात्मक गट. बाकीच्या वऱ्हाडाच्या जागी ती इंग्रजी 'आर' लिहायची. आर म्हणजे कोणीही. त्याचं नाव विचारायचं नाही, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

आणि कारभारी ओळखायचा कसा? "पहले पड़ोसी देखो." घरात मला सांगताना, "आधी शेजारी बघ." फळ्यावर कार्बन काढायची, त्याला दुहेरी बंधानं ऑक्सिजन जोडायची आणि विचारायची, हे काय आहे? पोरं घाईनं ओरडायची, कीटोन! आई म्हणायची, अजून काहीच नाही, शेजारी कुठे दाखवलेत मी? मग ती दोन्ही बाजूंना कार्बन लिहायची. आता कीटोन. एका बाजूचा कार्बन पुसून हायड्रोजन लिहायची. आता अल्डिहाइड. हायड्रोजन पुसून नायट्रोजन. आता अमाइड. "मधला तोच आहे. त्याला मी बोटसुद्धा लावलेलं नाही. शेजार बदलला, नाव बदललं."

मी तिची पोटची पोर, पण केमिस्ट्रीत माझा उजेड पडला नाही. अकरावीच्या परीक्षेत एक प्रश्न होता. साखळीच्या टोकाला एकच कार्बन, त्याला दुहेरी बंधानं ऑक्सिजन आणि त्याच कार्बनला ओ-एच. मी ऐटीत लिहिलं, ह्यात दोन गट आहेत, एक कीटोन आणि एक अल्कोहोल. ते होतं आम्ल. सरळ साधं कार्बोक्सिलिक आम्ल, स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये असतं ते. आईनं पेपर बघितला आणि कपाळावर हात मारला.

"अगं, शेजारी कोण बसलंय बघितलंस का? एकाच कार्बनवर हे दोघं आले, म्हणजे लग्न झालं त्यांचं. आता हा कीटोन राहिला नाही आणि तो अल्कोहोल राहिला नाही. दोघांचं मिळून नवीन नाव."

आतून बाबांचा आवाज आला, "खरं आहे. मीसुद्धा आधी गोड होतो. ही शेजारी आली आणि माझं ॲसिड झालं."

"तुम्ही गप्प बसा हो!" आई ओरडली, पण हसू तिला आवरत नव्हतं.

निकाल लागला तेव्हा बाबांनी माझी गुणपत्रिका लांब धरून बघितली आणि म्हणाले, "झालं पानिपत. बरं झालं, दिल्लीत राहतो. उगाच लांब जायला नको." आम्ही दर थंडीच्या आधी ब्लँकेटं घ्यायला पानिपतला जायचो. त्या वर्षी बसमध्ये ते मला सारखे डिवचत होते, की तुझ्या रणांगणावरून एक चक्कर मारून येऊ. मी रडकुंडीला आले होते. मग मी केमिस्ट्री सोडून कॉमर्स घेतलं. आई काही बोलली नाही. पण तिला वाईट वाटलं असणार, असं मला वाटत राहिलं. तिनं कॉलनीभरच्या पोरांना डॉक्टर-इंजिनियर करून सोडलं आणि घरची पालथ्या घड्यावर पाणी.

पुढे दोघं निवृत्त झाली, क्वार्टर सुटलं आणि दिल्लीतच द्वारकेला सोसायटीत फ्लॅट घेतला. मी नोएडाला नोकरीला लागले आणि तिथेच राहिले. लग्न केलं नाही. त्याचं कारण विचारणाऱ्यांना मी जे उत्तर देते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आईचं विसरणं सुरू झालं ते माणसांपासून. आधी भाजीवाला, मग सोसायटीतल्या बायका, मग नगरची भावंडं. डॉक्टर म्हणाले, चेहरे आधी जातील. तरुणपणी घटवलेलं मात्र बरंच टिकेल. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर आईसाठी साबुदाण्याची खिचडी केली. आयुष्यात पहिल्यांदा. दाण्याचं कूट घालायला विसरले. आईनं ती मिटक्या मारत खाल्ली.

दर शनिवारी सकाळी मी मेट्रोनं नोएडाहून द्वारकेला यायचे. ब्लू लाइनच्या ह्या टोकापासून जवळजवळ त्या टोकापर्यंत, सगळी दिल्ली आडवी कापून. बाबा दारातच उभे असायचे. माझ्या हातातली पिशवी घ्यायचे, कोपराला धरून मला आतल्या खोलीत न्यायचे, दिवाणावर आईच्या एका बाजूला आपण बसायचे आणि मला आपल्याशेजारी बसवायचे. म्हणायचे, "आली गं." बस, एवढंच. ओळखलंस का, हा कोण, ती कोण, असलं त्यांनी तिला कधी विचारलं नाही. आई आधी त्यांच्याकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि म्हणायची, "आलीस? किती वाळलीस गं!"

मी वाळलेली कधीच नव्हते. पण मला काय आनंद व्हायचा! सगळं जग विसरली, मला नाही विसरली. सोमवारी ऑफिसात मैत्रिणींना सांगायचे, यार, आईनं ह्या वेळीही मला बरोबर ओळखलं. फुशारकीच होती ती.

मग बाबा गेले. सकाळी दूध आणायला खाली उतरले, दूध घेऊन वर आले, ओट्यावर पिशवी ठेवली आणि तिथेच खाली बसले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. पिशवी तशीच न फुटता ओट्यावर होती. मी नोएडाहून पोचले तेव्हा शेजारच्यांनी दूध तापवून ठेवलं होतं. मला त्या दुधाचा इतका राग आला की मी ते सिंकमध्ये ओतून दिलं.

आईला सांगितलं तेव्हा तिला कळलं. नीट कळलं. ऊर फुटून रडली. पण दिवेलागणीला तिनं दाराकडे बघून विचारलं, "हे अजून आले नाहीत?" घरात माणसं भरलेली. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

पुण्याचे, नगरचे नातेवाईक दिवसकार्य उरकून आपापल्या गाड्यांनी परत गेले. मी ऑफिसात घरून काम करायची परवानगी मागून घेतली आणि माझं सामान द्वारकेला आणलं. घर रिकामं झालं त्या दुपारी मी चहा घेऊन आईच्या खोलीत गेले. तिनं मला बघून पदर नीट केला, पाय खाली सोडले आणि अगदी अदबीनं म्हणाली, "बसा ना. तुम्ही कोण? मी ओळखलं नाही."

बसा ना. तुम्ही कोण. माझ्या आईनं मला अहो-जाहो केलं! मला शिवी दिली असती तर चाललं असतं. लहानपणी माझ्या पाठीत लाटणं बसलंय तिच्या हातचं, तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. जगात मला 'अगं' म्हणणारं आता एवढं एकच माणूस उरलं होतं, आणि ते माझ्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघत होतं. मी म्हटलं, "अगं आई, मी." ती कसनुसं हसली. ज्या मुलाला उत्तर येत नाही ते जसं बाईंकडे बघून हसतं तसं. मी चहाचा कप तिच्या हातात दिला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

नळ बंद करता करताच मला कळलं. ती मला गेले कित्येक शनिवार ओळखतच नव्हती. ती बाबांना ओळखत होती. ह्यांच्याशेजारी, इतकं चिकटून, हक्कानं कोण बसेल? आपली मुलगी. बस, गणित सुटलं. तिनं माझा चेहरा वाचलाच नव्हता, तिनं शेजार वाचला होता. जन्मभर जे पोरांना शिकवलं तेच ती करत होती. आता शेजारची जागा रिकामी झाली, आणि मी राहिले नुसती कोणीतरी बाई. आर.

त्याच सुमारास मराठी मंडळातल्या एक काकू आल्या. आल्या त्या थेट आईच्या नाकासमोर. "ओळखलंत का मला? अहो, गणपतीत आपण मोदक करायचो! सांगा बघू कोण?" आई माझ्याकडे बघायला लागली, मदत मागितल्यासारखी. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "काकू, तिला काही येत नाही. तुम्ही पेपर तपासून टाका आणि शून्य द्या." काकूंचं तोंड एवढंसं झालं. चहा न घेताच गेल्या. जाऊ देत, म्हटलं. पण खरं सांगायचं तर त्या काकूंचा राग धरायचा मला काय अधिकार होता? मी तो प्रश्न तोंडानं विचारत नव्हते एवढंच. सकाळी तिचे केस विंचरताना, औषध देताना, पायाला तेल लावताना माझ्या मनात तेच चाललेलं असायचं. ओळख ना गं. एकदा तरी ओळख.

डॉक्टरांनी सुचवलं, खोलीत एक पांढरा बोर्ड लावा, वार आणि तारीख लिहीत जा, डोक्याला आधार मिळतो. मी बोर्ड आणला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आज सोमवार'. खाली धीर करून लिहिलं, 'मी तुझी मुलगी.' आईनं ते शांतपणे वाचलं. मग माझ्या हातातून डस्टर घेतलं, दोन्ही ओळी पुसल्या, मार्कर उचलला आणि एक कार्बन काढला. त्याला दुहेरी बंधानं ऑक्सिजन. एका बाजूला आर, दुसऱ्या बाजूला नायट्रोजन. रेघा सरळ होत्या. मार्करनं बोर्डावर टकटक करून ती म्हणाली, "ओळखा."

मी बघतच राहिले. तिनं वाट बघितली, मग तीच म्हणाली, "अमाइड. पड़ोसी देखो बेटा, पड़ोसी. नायट्रोजन बैठा है ना?"

आणि मी भडकले. काय झालं मला कळलं नाही, इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. "अमाइड ओळखतेस! कार्बन ओळखतेस, नायट्रोजन ओळखतेस, आणि पोटची पोर ओळखू येत नाही तुला? नऊ महिने काय अमाइड होता का पोटात?"

आई दचकून मागे सरकली. मार्कर तिच्या हातातून पडला. तिनं दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "रागावू नका हो. चुकलं असेल माझं." मी तिच्या पायांशी बसले, तिचे जोडलेले हात सोडवले, धरून ठेवले. थोड्या वेळानं तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. कुणाच्याही रडणाऱ्या मुलीच्या डोक्यावर ठेवावा तसा.

त्या दिवशी माझ्या डोक्यात तो विचार आला. ती शेजार वाचते ना? मग आपण शेजार परत आणू. बैठकीत बाबांचा फोटो होता, हार घातलेला. मी हार काढला, काच पुसली आणि फोटो घेऊन तिच्या दिवाणावर बसले. तिच्या आणि माझ्या मधे बाबा, अगदी त्यांच्या जागेवर. आईनं फोटोकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग नजर वर आली, माझ्यावर थांबली, आणि तिचा सगळा चेहरा उजळला.

"अगं! आलीस? किती वाळलीस गं!"

मी त्या क्षणी किती सुखी झाले हे मला सांगता येणार नाही. मी तिला मिठी मारली. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, माझी वेणी हातात घेऊन बघितली, केसांना तेल लावत नाहीस म्हणून रागावली. सगळं 'अगं', सगळं 'तू'. आणि मग, जे पुढे येणारच होतं आणि मला वेडीला ज्याचा विचारच शिवला नव्हता, ते आलं. तिनं दाराकडे बघितलं. "हे कुठे राहिले? तुला घ्यायला दारात उभे होते ना?"

मी खरं सांगितलं. आनंदाच्या भरात माझ्याच्यानं खोटं बोलवेना. आणि आई विधवा झाली. पुन्हा, नव्यानं, माझ्या मिठीतच. पहिल्या दिवशी रडली होती तशीच रडली. "मला कुणी सांगितलं कसं नाही? मी शेवटचं बघितलंसुद्धा नाही हो ह्यांना!" बघितलं होतं तिनं. हळदीकुंकू वाहिलं होतं. मी तिला धरून बसले आणि ती झोपेपर्यंत उठले नाही. उठली तेव्हा सगळं पुसलेलं. "तुम्ही कोण?"

माणूस एकदा चुकून शहाणं होत नाही. पुढच्या वेळी मी फोटो घेऊन बसले तेव्हा खोटं बोलायचं पक्कं केलं होतं. तिनं ओळखलं. "अगं" म्हणाली. "हे कुठे?" म्हणाली. मी म्हटलं, "बाजारात गेलेत, येतील." तर ती उठली आणि दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली. जेवायला येईना. "हे आल्यावर बसू बरोबर." पोळी पुढे केली तर तोंड फिरवलं. लिफ्टचा आवाज आला की अर्धी उठायची. लिफ्ट दुसऱ्याच कुठल्या तरी मजल्यासाठी असायची. ऊन उतरलं, वरून विमानं जात राहिली, वरणभात ताटात सुकला, आणि ती तशीच बसून होती, नवीन नवरीसारखी दाराकडे तोंड करून. त्या बसण्यापेक्षा तिचं रडणं परवडलं, असं मला वाटलं.

इकडे आड, तिकडे विहीर. मी मुलगी झाले की तिला नवरा आठवायचा. आठवला की एक तर तो मरायचा, नाहीतर यायचा नाही. मी कोणीच नसले, तर ती मजेत होती. कुणाचीच वाट बघत नव्हती. चहा प्यायची, बोर्डावर काहीबाही काढायची, उन्हात बसायची. तिचं सुख माझ्या 'कोणीही' असण्यात होतं. हे पचवायला मला वेळ लागला. मी काही संत नाही. अजून एकदा, फक्त एकदाच, असं म्हणत मी त्या फोटोपर्यंत कितीदा गेले असेन आणि परत आले असेन. 'अगं' ऐकायची तहान होती ती. शेवटी मी फोटो ब्लँकेटांच्या कपाटात, अगदी खाली, पानिपतच्या जुन्या जाड ब्लँकेटाच्या घडीत ठेवला आणि वर बाकीची ब्लँकेटं रचली.

परवाची गोष्ट. थंडीतलं कोवळं ऊन बाल्कनीत आलं होतं. मी मटार सोलायला घेऊन बसले होते. आई शेजारच्या खुर्चीवर, अंगावर शाल. मी शेंगा तिच्या मांडीवर ठेवल्या. तीही सोलायला लागली. एका शेंगेतले दाणे अंगठ्यानं सारून तिनं तळहातावर घेतले, ओळीनं लावले आणि टोकाच्या दाण्यावर बोट ठेवून स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. मग माझ्याकडे वळून तिनं नेहमीसारखं, अदबीनं विचारलं, "तुम्ही कोण? मी ओळखलं नाही."

आत काहीतरी नेहमीसारखं दुखलं. पण त्या दिवशी उत्तर आपोआप तोंडात आलं. मी म्हटलं, "मी शेजारची."

"असं होय!" आई खूश झाली. "बरं झालं आलात. शेजार असावा माणसाला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्हाला मुलं आहेत?"

"नाही."

"मला एक मुलगी आहे. केमिस्ट्री काही येत नाही तिला. ॲसिडला कीटोन म्हणते." आणि हसली, अशी हसली की तिचे डोळे मिटून गेले. "मी खूप रागावले तिला. ह्यांनी तर पानिपत पानिपत म्हणून तिला रडवलं. पण तुम्हाला म्हणून सांगते, तिला सांगू नका हं, डोक्यावर चढेल. मला बरंच वाटलं. एवढी पोरं येतात माझ्याकडे, सगळ्यांना नंबर हवेत. ही एकटीच नुसती माझ्याजवळ बसायला म्हणून यायची शिकवणीला. फळ्याकडे बघायचीच नाही. माझ्याकडे बघत बसायची."

मी मान खाली घालून शेंगा सोलत राहिले. दाणे बाहेर पडत होते की सालं, मला दिसत नव्हतं. मी आवाज शक्य तितका सरळ ठेवून विचारलं, "कुठे असते ती?"

"येईल की. शनिवारी येते." आज कोणता वार आहे ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिनं माझ्या हातातली शेंग काढून घेतली, त्यातला राहिलेला दाणा काढून पातेल्यात टाकला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुम्ही बसा. जायची घाई करू नका. ती आली की तुमची ओळख करून देते."

मी म्हटलं, बरं. मग मी तिची शाल नीट केली, खुर्ची जरा जवळ ओढली, आणि आम्ही दोघी मटार सोलत तिची वाट बघत बसलो.